नाल्याच्या अलीकडची माहिती

माझी मुलगी ऑस्ट्रेलियात राहते. तिच्या घरापासून शहर आगगाडीने पाऊण तासावर आहे. म्हणजे ते शहर लातूर धरलं तर ती चाकूरच्या पुढे कुठेतरी राहते, असं मी आणि बायकोने आपसात ठरवून टाकलं आहे. तिकडे एवढ्या लांबच्या जागेलाही उपनगरच म्हणतात.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात तिचे फोन वाढले. तिने तिकडच्या टीव्हीवर ती गाडी बघितली होती.

"बाबा, खरंच रेल्वेनं?"

"हो."

"मग अंघोळीचं काय करता?"

"कशाचं?"

मग विषय बदलायचा म्हणून तिने आपल्या उपनगराची माहिती वाचून दाखवायला सुरुवात केली. तिथल्या प्रत्येक उपनगराचं असं एकेक पान इंटरनेटवर असतं म्हणे. ती इंग्रजी वाचायची आणि मराठीत सांगायची. पानाचे भाग तीन: भूगोल, इतिहास, सुविधा. पूर्वेला ओढा, पश्चिमेला हमरस्ता. एका मेंढ्यांच्या कुरणावरून गावाला नाव पडलं. त्याआधी तिथे मूळचे लोक हजारो वर्षं राहत होते, ते अर्ध्या ओळीत आलं. नंतर मेंढ्या, मग वीटभट्ट्या, मग रेल्वे, मग घरं. सुविधांत दोन बागा, वाचनालय, पोहण्याचा तलाव, आणि कुत्र्यांना मोकळं सोडायला वेगळं मैदान.

बायकोने फोन माझ्या हातातून घेतला. "कुत्र्याला मैदान?"

"हो आई."

"आन पाणी?"

"नळ आहे ना तिथं. कुत्र्याच्या उंचीला बसवलाय."

बायकोने फोन मला परत दिला आणि घागर वाकडी करून किती उरलंय ते बघायला गेली.

"बाबा," मुलगी म्हणाली, "आपल्या कॉलनीचं असं कुठंच काही नाही. मी शोधलं. तुम्ही लिहा की. ऑफिसात तुम्ही हेच करायचात ना?"

"बघू," मी म्हणालो.

ऑफिसात मी हेच करायचो, हे तिचं म्हणणं खरं होतं. आमच्या कॉलनीचं असं एक पान मी पूर्वी लिहिलेलं आहे. विशीत होतो. ते पान चुकीचं आहे, आणि चुकून चुकीचं झालेलं नाही. तीस वर्षांत हे मी कुणाला बोललो नाही. मुळात मी फारसा बोलत नाही, त्यामुळे कुणाच्या ते लक्षातही आलं नाही.

आधी भूगोल सांगतो. आमचं उपनगर नांदेड रस्त्याला आहे. तेव्हा ते गावाबाहेर होतं, आता त्याच्याही बाहेर गाव आहे. जमीन काळी. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि पुढे त्या घरांच्या भिंतीतही दिसतात. नव्याने राहायला आलेला माणूस पहिली दोन वर्षं गवंड्याला शिव्या देतो, नंतर कॅलेंडर लावतो. आमच्याकडे चार कॅलेंडरं आहेत. मधून एक नाला जातो. त्याला पाणी वर्षातून दोन महिने. बाकी दहा महिने त्यात बाभळी असतात आणि बाभळीखाली शेळ्या. नाल्याच्या अलीकडे नोकरदारांच्या सोसायटीची कॉलनी आणि पलीकडे वस्ती.

पलीकडची वस्ती बौद्ध लोकांची. बहुतेक घरं आमच्याच अहमदपूर तालुक्यातून आलेली. नवा जिल्हा झाला, कचेऱ्या बांधायच्या होत्या, त्या बांधायला माणसं लागत होती. ती माणसं आली आणि कचेऱ्या बांधून झाल्यावर नाल्यापलीकडेच राहिली. त्या कचेऱ्यांत बसायला लागणारी माणसं अलीकडे राहिली. इतिहास असा थोडक्यात आहे.

नवा जिल्हा म्हणजे काय प्रकरण होतं, ते आता मुलांना सांगून पटत नाही. आमच्या आजोबांच्या डोळ्यांदेखत निजाम गेला, माझ्या डोळ्यांदेखत उस्मानाबाद गेलं. माझं गाव जागचं हललं नाही, जिल्हा तेवढा बदलला. आमची कचेरी एका बंद तेलगिरणीच्या गोदामात होती. कागदाला कायम करडीचा वास. जुन्या जिल्ह्याच्या गावाहून ट्रकने दप्तरं आली, टेबलं मात्र कमी आली, म्हणून दोन टेबलांत तीन कारकून बसायचो. मी त्यातला तिसरा, मधल्या फटीवर. नोकरी अजून कच्ची होती. कुठली कचेरी ते सांगत नाही. चूक माझी होती, कचेरीची नव्हती.

गावाभोवती वसाहती उगवत होत्या आणि त्या कागदावर आणायच्या होत्या. दर वसाहतीला एक पान. चतुःसीमा, पूर्वइतिहास, लोकसंख्या, उपलब्ध सुविधा. पानाची मागची बाजू वापरायची नाही असा तोंडी हुकूम होता. मी सायकलीवरून जायचो, दोन-चार घरी चहा प्यायचो आणि पान भरायचो. एक गोष्ट ठरलेली होती. प्रत्येक सुविधेचं अंतर वसाहतीच्या मध्यापासून धरायचं.

आमच्या कॉलनीची पाळी आली. मी राहायलाही तिथेच होतो, सोसायटीच्या चेअरमनच्या मागच्या खोलीत, भाड्याने. चेअरमन म्हणजे निवृत्त हेडमास्तर. सकाळी अंगणात उभं राहून दात घासत ते अख्ख्या कॉलनीला सूचना द्यायचे. त्यांनी माझ्या हातातला कागद घेतला आणि लोकसंख्येच्या रकान्यावर बोट ठेवलं.

"एवढीच?"

"मोजली तेवढीच हाय, सर."

"एवढ्यावर शाळा देतील का? बोअर देतील? शहर बस थांबंल का इथं?"

"न्हाई देणार."

"मग पलीकडचे धर की."

"पलीकडचे येगळे हायत. मधी नाला हाय."

त्यांनी चूळ भरली. "आरं, सरकारनं इकडचे तालुके तिकडं जोडले, तिकडचे इकडं. अख्खा जिल्हा नवा केला. आन तुला एक नाला वलांडता येईना व्हय?"

मला हसू आलं. मी हसलो आणि नाला ओलांडला. म्हणजे कागदावर. "नाल्याच्या दोन्ही बाजूंस वसलेली एकच वसाहत," असं लिहिलं. नाल्यापुढे 'नैसर्गिक निचरा' असा शेरा टाकला. वसाहतीचा मध्य काढला तर तो बरोबर नाल्यात, एका बाभळीखाली आला. तिथून सगळी अंतरं धरली. धार्मिक स्थळांत मारुती मंदिर लिहिलं. मंदिर म्हणजे तेव्हा लिंबाखाली शेंदूर लावलेला दगड होता. पलीकडे पत्र्याचं विहार होतं, आत बुद्धाची मूर्ती, बाहेर निळा झेंडा. ते मी लिहिलं नाही. बांधकाम कच्चं आहे म्हणून सोडलं, असं तेव्हा मी स्वतःला सांगितलं. दगडाचं बांधकाम पक्कं धरलं असणार.

पान मंजूर झालं. वर्षाच्या आत शाळा आली, बोअर आला, बसथांबाही आला. तिन्ही अलीकडे. कारण जागा अलीकडे होती, आणि जागा कुठे आहे ते दाखवायला चेअरमन होते. पलीकडच्या लोकांची डोकी मोजून आणलेल्या सुविधा होत्या त्या. पलीकडे हे कुणाला माहीत नव्हतं. मुलं नाला उतरून शाळेत यायची, बायका बोअरवर यायच्या. काही बिघडलं आहे असं कुणाला वाटत नव्हतं. मलाही नाही.

मग दुष्काळ पडला. नव्या जिल्ह्याचा पहिला मोठा दुष्काळ. एक पावसाळा गेला, दुसरा आला तो नुसता ढग दाखवून गेला. दिवाळीच्या आत बोअरमधून आधी गढूळ, मग वारा येऊ लागला. टँकर सुरू झाले. नियम साधा होता, एका वसाहतीला एक थांबा. थांबा चेअरमनच्या फाटकासमोर पडला.

तिथे दोन ओळी लागायच्या. ही गोष्ट कुणी ठरवली ते मला आजही सांगता येणार नाही. पहिल्याच दिवशी लागल्या. अलीकडच्या घागरींची एक ओळ आणि पलीकडच्या डब्यांची दुसरी. पलीकडे बहुतेक तेलाचे पत्र्याचे डबे होते, वर आडवी काठी ठोकलेले. घागरी आणि डबे एका ओळीत नीट बसत नाहीत, ओळ वाकडी होते, म्हणून वेगळी, असं कारण होतं. आधी घागरी भरायच्या, मग डबे. कुणी कुणाला वाईट बोलत नव्हतं. एखाद्या बाईने डबा पुढे सरकवला तर आमच्याकडची बाई एवढंच म्हणायची, "माय, डब्याची लाइन तिकडं हाय की." माझी घागर पितळेची होती. ती घागरींच्या ओळीत असायची.

आता मामांचं सांगतो. आमच्या कचेरीतले शिपाई. सगळे त्यांना मामा म्हणायचे, मीही. ते पलीकडे राहायचे. बायको बांधकामावर जायची. पोरं तीन, त्यात मोठी मुलगी आठवीत. मामा सातवी शिकलेले, पण मुलीबद्दल बोलताना त्यांचा आवाज बी.ए. झालेल्या माणसासारखा व्हायचा. "माझी पोरगी मास्तरीण होणार हाय, भाऊसाहेब. तुमच्यासारखं फटीवर न्हाई बसणार, खुर्चीवर बसंल." मी हसायचो. फटीवर बसणाऱ्याला तेवढं ऐकावंच लागतं.

टँकर सकाळी नऊला यायचा. घागरी संपून डबे भरून होईस्तोवर बारा-एक. मामांना दहाला हजर व्हायचं असायचं, त्यांच्या बायकोला आठलाच निघावं लागायचं. धाकटी दोघं डबा उचलण्याएवढी नव्हती. तेव्हा ओळीत मुलगी. शाळा अकराला भरायची. पहिले काही दिवस ती दप्तर घेऊन आली. उपड्या डब्यावर बसून वाचायची. शाळा समोरच होती, घंटा ओळीत ऐकू यायची. उशिरा येते म्हणून मास्तर बोलले, मग ती दुपारनंतर जाऊ लागली, मग एक दिवसाआड, मग दप्तर यायचं थांबलं.

एके दिवशी मामा माझ्या टेबलाशी आले. हातात कागद, घडी न घातलेला. दोन्ही तळव्यांवर धरून आणला होता.

"भाऊसाहेब, एवढं वर पोचवा. पोरीनं लिव्हलंय."

अक्षर सुंदर होतं. वर उजवीकडे पत्ता, खाली विषय, सगळं शाळेत शिकवतात तसं. नाल्यापलीकडील वस्तीस टँकरचा स्वतंत्र थांबा मिळणेबाबत. खाली वीस-पंचवीस सह्या आणि अंगठे.

"एकच थांबा पुरंना," मामा म्हणाले. "पलीकडं टँकर यायला वाट हाय. मी सोता चालून बघितलोय. डायवर बी म्हणतोय येतो म्हणून. निस्तं कागदावर पायजे."

"बघतो," मी म्हणालो.

मला लगेच कळलं की अर्ज वर गेला तर काय होईल. साहेब आधी वसाहतीचं पान मागवतील. पानावर एकच वसाहत आहे. मग विचारतील, हे कुणी लिहिलं? आणि पानाच्या तळाला माझी सही होती. नोकरी कच्ची. चेअरमनची खोली. शाळा, बोअर, बसथांबा, सगळं त्या एका ओळीवर उभं. एवढं सगळं मी त्या एका क्षणात धरलं. एरवी कामात मी एवढा चपळ नव्हतो.

अर्ज टेबलाच्या खणात ठेवला. उद्या विचार करू म्हणून ठेवला, हे खरं आहे. दुसऱ्या दिवशी विचार केला नाही, हेही खरं आहे.

चार दिवसांनी मामा आले. "कुठंवर आलं?"

"वर गेलाय."

आठ दिवसांनी पुन्हा. "काय म्हणले?"

"बघायलेत."

तिसऱ्यांदा आले तेव्हा माझ्या टेबलावर कागदाची चळत होती, तीत तोंड घालून मी म्हणालो, "मामा, साहेबांनी नामंजूर केला. मी लई सांगून बघितलं. ऐकनात."

हे शेवटचं वाक्य बोलायची गरज नव्हती. नामंजूर एवढं पुरलं असतं. पण माणूस खोटं बोलायला लागला की त्याला थोडं चांगलंही दिसावंसं वाटतं.

मामा उभेच राहिले. मग म्हणाले, "तुमी तरी बोललाव. कोण बोलतंय आमच्यासाठी?"

साहेब चांगले होते. हे लिहिणं भाग आहे. दुष्काळात ते दोनदा आमच्याच ओळीवर येऊन उभे राहिले होते आणि दोन ओळी का, असं चेअरमनला विचारलंही होतं. घागरी आणि डब्यांचं कारण ऐकून त्यांनी चष्मा पुसला होता. वर्षभराने त्यांची बदली झाली. निरोपाच्या दिवशी सगळ्या शिपायांनी हार घातले, मामा आले नाहीत. साहेबांनी मला विचारलं, "मामा कुठायत? बरे आहेत ना?" मी म्हणालो, "बरे हायत, सर. गावाकडं गेलेत." मामा बाहेर सायकल स्टँडवर बसले होते. मला खिडकीतून दिसत होते.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. बोअरला पाणी आलं, टँकर बंद झाला, ओळी मोडल्या. मामांची मुलगी पुन्हा शाळेत गेली नाही. वर्ष बुडालं होतं. "आता मोठी झाली," असं पलीकडे म्हणू लागले, आणि अलीकडेही. तिला विचारलं तर ती काही बोलायची नाही, तेव्हा "तिचंच मन न्हाई अभ्यासात" असं ठरलं. मामाही तसंच सांगायचे. एवढं बडबडणारा माणूस, तेवढं एक वाक्य खाली बघून बोलायचा. अहमदपूरला तिचं लग्न झालं. लग्नात मामांनी मला हाताला धरून पुढच्या खुर्चीवर बसवलं आणि व्याह्यांना सांगितलं, "हे भाऊसाहेब. आमच्या पाण्यासाठी यांनी लई खटपट केली. साहेब नालायक निघाला, यांचा इलाज चालला न्हाई." व्याह्यांनी मला नमस्कार केला. मी केला. जेवण चांगलं होतं.

तेलगिरणीतून कचेरी नव्या इमारतीत गेली तेव्हा खण रिकामे झाले. तो अर्ज मी जपून ठेवला होता असं लिहायला मला आवडलं असतं. ठेवला नव्हता. बाकीच्या कागदांबरोबर रद्दीत गेला.

मामा दर वर्षी दसरा-दिवाळीच्या सुमाराला सीताफळं आणून देत राहिले. बालाघाटातली, मोठ्या डोळ्यांची. निवृत्त झाल्यावरही. माझी मुलगी त्यांच्या सीताफळांवर वाढली म्हटलं तरी चालेल. चौदा एप्रिलला, बुद्धपौर्णिमेला बोलावणं. मी जायचो, पुढच्या खुर्चीवर बसायचो. माझं लग्न झालं, नोकरी पक्की झाली, त्याच कॉलनीत घर झालं. विहार पक्कं झालं, मंदिरही झालं. नाल्यावर पूल झाला. चेअरमन गेले. साहेबही गेल्याचं कळलं. मामांची मुलगी नवऱ्यासोबत अहमदपूरहून परत येऊन वडिलांच्या शेजारी राहू लागली. पलीकडच्या अंगणवाडीत ती मदतनीस आहे, वीस वर्षांपासून. सेविका व्हायला दहावी लागते. तिच्यापुढे चार सेविका आल्या आणि गेल्या. सगळ्या तिच्याहून लहान. रजिस्टर कसं भरायचं ते तीच त्यांना शिकवते, सही त्या करतात.

मुलीच्या त्या फोननंतर आठ दिवस मी कागद घेऊन बसत होतो. भूगोल होत होता. इतिहासाशी आलं की थांबत होतं. तिकडच्या त्या पानावरची अर्धी ओळ मला सारखी आठवत होती. तिथेही कुणीतरी कारकूनच असणार. नवव्या दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमाराला मी चप्पल घातली आणि पूल ओलांडून गेलो. आत्ताच का, असं कुणी विचारेल. दुष्काळ पुन्हा आला होता, मुलीने विषय काढला होता, ही कारणं आहेतच. पण आता या गोष्टीवरून माझं कुणी काही करू शकत नाही, हेही आहे. हे उरलेलं कारण जास्त खरं असावं.

मामा दारात बाजेवर बसले होते. वय झालंय, पण मला बघून उठले.

"या भाऊसाहेब! अशा उन्हाचं?"

"जरा काम होतं, मामा."

"कळलं की." ते हसले आणि आत तोंड करून ओरडले, "अगं ए, भाऊसाहेबाला दोन घागरी भरून दे. पोरगं सोडंल गाडीवर." मग माझ्याकडे वळले. "लाजायलाव कशाला? विहाराच्या बोअरला अजून धार हाय. तुमच्याकडचा आटला, मला ठाव हाय. चार दिवस झालं वाट बघायलोय, कवा येतेत म्हून."

मामांची मुलगी पदराला हात पुसत बाहेर आली. तिच्या केसांत पांढरं बरंच आहे. "या काका. काकूला न्हाई आणलाव?"

"पाणी नको," मी म्हणालो. "बसा दोघं. एक सांगायचंय."

आणि सांगितलं. उभ्यानेच सांगितलं. पान, एकच वसाहत, चेअरमन, अर्ज, खण. साहेबांनी नामंजूर केला नव्हता. त्यांनी तो बघितलाच नव्हता. मी सांगून बघितलं नव्हतं. फार वेळ लागला नाही. तीस वर्षं मोठं वाटत होतं ते पाच मिनिटांत संपलं.

मामा माझ्याकडे बघत होते. आधी मुलगीच बोलली.

"नाल्यापलीकडील वस्तीस टँकरचा स्वतंत्र थांबा मिळणेबाबत," ती म्हणाली. "पहिल्यांदा 'मागणी' लिहिलं होतं. शाळेतल्या बाई म्हणल्या मागणी लिहू नको, मिळणेबाबत लिही. फाडून दुसऱ्यांदा लिहिलं."

ती माझ्याकडे वळली.

"काका, वर पाठवला असताव तर थांबा भेटला असता का?"

"माहीत न्हाई."

"तसं नका सांगू. साहेब कसे होते?"

"चांगले होते."

"मग?"

"भेटला असता," मी म्हणालो. "बहुतेक."

तिने मान हलवली. हजेरी घेताना हलवतात तशी. मग वडिलांकडे बघून म्हणाली, "बाबा, ऐकलाव का? मन न्हाई अभ्यासात, मन न्हाई अभ्यासात. सगळ्या पाहुण्यारावळ्यात सांगितलाव."

मामा हळूच बाजेवर बसले. आधी हाताने बाज चाचपली.

"मी तरी काय सांगू?" ते तिला म्हणाले. "पाण्याला मीच लावलं तुला. बापानं शाळा बुडिवली, असं सांगू का लोकाला?" मग माझ्याशी बोलले तेव्हा आवाज चढलेला नव्हता.

"भाऊसाहेब, हे तुमच्यापाशीच ठिवायचं होतं."

"मला वाटलं, तुम्हाला खरं कळावं."

"कळून काय करू? ह्या वयात कुठं अर्ज करू?" त्यांनी नाल्याकडे हात केला. "चाळीस वर्षं नोकरी केली. हापिसात मला एक माणूस चांगला भेटला होता. एक. लोकाला सांगत होतो. तेवढा बी ठिवला न्हाई तुमी."

मी उभाच होतो. बसा म्हणायचं ते दोघंही विसरले असावेत. किंवा विसरले नसावेत.

मुलगी आत गेली आणि चहा घेऊन आली. चुलीवर आधीच ठेवला होता, मला बघून. आलेल्या माणसाला चहा न देता पाठवायचं, हे त्या घराला जमण्यासारखं नव्हतं. मी चहा प्यालो. कप कुठे ठेवावा ते कळेना.

"ठेवा तिथंच," ती म्हणाली. मग दाराशी येऊन, हळू आवाजात, "काका, हे लिहून द्या. तुमच्या अक्षरात. पोरं मला म्हणतेत, आई तू शिकली न्हाईस म्हून तुला कळत न्हाई. त्यान्ला दाखवाया."

"सही करून देतो," मी म्हणालो.

"तारीख बी टाका."

मामा बाजेवर पडले होते, भिंतीकडे तोंड करून. येतो म्हणालो. ते 'या' म्हणाले नाहीत.

घरी आलो. बायको दारातच होती. कुठे गेला होतात असं तिने विचारलं, तेव्हा तिलाही सगळं सांगितलं. इतकी वर्षं संसार झाला, हे तिला पहिल्यांदाच कळत होतं. ती पायरीवर बसून ऐकत राहिली. तीही अहमदपूरकडचीच. लग्नानंतर तिने मामांना कधी चहाशिवाय जाऊ दिलं नव्हतं.

"मग मामा काय म्हणाले?"

मामा जे म्हणाले ते सांगितलं.

"बरोबर हाय त्यांचं," ती म्हणाली. मग उठताना विचारलं, "जेवायला वाढू?"

मी हो म्हणालो. भूक लागली होती. हेही लिहितो.